एका अनोळखी वाचकासाठी: यूलटाईड देवघेवीत पहिली फॅनफिक लिहिताना

दर वर्षी २५ डिसेंबरला इंटरनेटवर शेकडो फॅनफिक, म्हणजे आवडत्या कलाकृतीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, एकदम उघडतात. त्यातली प्रत्येक कथा कोणा एका माणसाने मागितलेली असते आणि खास त्याच्यासाठी लिहिलेली असते. ती कोणी लिहिली हे त्याला १ जानेवारीपर्यंत कळत नाही. या देवघेवीचं नाव यूलटाईड. २००३ पासून ती अखंड चालू आहे. ज्यांच्यावर फारसं कोणी लिहीत नाही अशा पुस्तकांच्या, मालिकांच्या, पुराणकथांच्या चाहत्यांसाठी ती आहे. भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, निवड होत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. तुम्ही कोणासाठी तरी निदान हजार शब्दांची कथा लिहायची आणि तिसराच कोणी तुमच्यासाठी लिहिणार.

लिहायची इच्छा आहे पण सुरुवात होत नाही, अशा मित्रमैत्रिणींना मी नेहमी हीच वाट सुचवते. एका महिन्यात पन्नास हजार शब्द लिहिण्याचं नॅनोरायमोचं आव्हान १९९९ मध्ये २१ जणांनी सुरू केलं आणि पुढे ते जगभर पसरलं. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, तरी आपापलं ते करणारे आजही आहेत. त्यात शब्दांची रास होते, वाचक मात्र कोणी ठरलेला नसतो. यूलटाईडमध्ये पहिल्या ओळीपासून एक वाचक समोर असतो. त्याला काय आवडतं हे त्याने स्वतःच्या शब्दांत कळवलेलं असतं. लिहिताना याच्याएवढी मदत दुसऱ्या कशाचीही होत नाही.

खातं आणि टोपणनाव

यूलटाईड चालते 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहावर. सगळे त्याला एओथ्री म्हणतात. २००७ मध्ये स्थापन झालेली एक ना-नफा संस्था तो चालवते. २००९ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. जाहिराती नाहीत, सगळं काम स्वयंसेवकांचं. वाचायला खातं लागत नाही, पण भाग घ्यायला लागतं. खातं लगेच उघडत नाही. ईमेल देऊन रांगेत नाव लावायचं आणि निमंत्रण येईपर्यंत थांबायचं. म्हणून हे काम ऑगस्टमध्येच उरका. वयाची अट किमान १३ वर्षांची आहे.

खऱ्या नावाने खातं उघडू नका. फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या या जगात, टोपणनाव हीच रीत आहे आणि ती जपली जाते. कोणाचं खरं नाव, गाव किंवा नोकरी तुम्हाला कळली तरी ती चारचौघांत बोलायची नाही, हा न लिहिलेला पण कडक नियम आहे. खात्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. ऑफिसचा किंवा कॉलेजचा नको.

महिनाभर नुसतं वाचा

एओथ्रीवरची लेबलं वाचता आली की निम्मं काम झालं. प्रत्येक कथेला एक रेटिंग असतं. जनरल म्हणजे सगळ्यांसाठी, मग टीन, मॅच्युअर आणि एक्स्प्लिसिट. पाचवा प्रकार 'नॉट रेटेड', म्हणजे लेखकाने रेटिंग ठरवलेलं नाही. यानंतर इशारे येतात. हिंसेचं सविस्तर वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध, एवढ्याच गोष्टींसाठी ठरलेले इशारे आहेत. 'यापैकी काही नाही' आणि 'लेखकाने इशारा न देण्याचं ठरवलं आहे' या दोन पर्यायांत मोठा फरक आहे. दुसरा दिसला तर आत काहीही असू शकतं असं धरूनच कथा उघडायची.

दोन नावांमधली तिरकी रेघ आणि '&' हे चिन्हही नीट पाहा. 'कर्ण/द्रौपदी' म्हणजे प्रेमाचं किंवा शारीरिक नातं. 'कर्ण & द्रौपदी' म्हणजे मैत्री, वैर, भावंडपण, काहीही, पण प्रणय नाही. नवखे इथे हमखास चुकतात आणि मैत्रीची कथा मागणाऱ्याला प्रेमकथा लिहून देतात.

आवडलेल्या कथेला कुडोज, म्हणजे पसंतीची खूण, द्या. एका कथेला ते एकदाच देता येतात. शक्य असेल तर दोन ओळी लिहाच. 'छान' एवढ्यावर थांबू नका. कोणतं वाक्य लक्षात राहिलं, कुठे थांबावंसं वाटलं, ते सांगा. आपल्या मराठी संस्थळांवर कथेखाली मोकळेपणाने दोष दाखवायची पद्धत आहे आणि तिचे फायदेही आहेत. एओथ्रीवर मात्र न मागितलेली टीका असभ्य मानली जाते. कथा नाही आवडली तर गुपचूप बंद करायची. मला हे पटतं, कारण इथे कोणी पैसे घेऊन लिहीत नाही. शिवाय लेखकाला दोष ऐकायचे असतील तर त्यासाठी वेगळी माणसं असतात. त्यांच्याबद्दल पुढे.

शंभर शब्दांचा सराव

पहिलीच कथा भेट म्हणून लिहायची भीती वाटत असेल तर आधी ड्रॅबल लिहा. बरोब्बर शंभर शब्द, एकही कमी-जास्त नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी हा प्रकार रुजवला. आपल्याकडे तो 'शशक' म्हणून चांगला मुरला आहे. मिसळपाव आणि मायबोली या संस्थळांवर शतशब्दकथांच्या स्पर्धा झाल्या आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही.

आधी दीडशे शब्द लिहा, मग कापा. पहिली जातात ती विशेषणं, मग 'त्याला वाटलं', 'तिला जाणवलं' ही पात्रांच्या मनाची ओळख करून देणारी वाक्यं, आणि शेवटी बहुधा पहिलं वाक्यच. एका पात्राचा एकच निर्णय, एकच क्षण घ्या. असे चार-पाच ड्रॅबल झाले की दोन गोष्टी कळतात: कोणत्या पात्राचा आवाज तुमच्या हाताला येतो आणि कोणाचा येत नाही. नावनोंदणीच्या वेळी हीच माहिती कामाला येते.

वेळापत्रक

सप्टेंबरच्या सुमारास नामांकन होतं, म्हणजे या वर्षी कोणकोणत्या कलाकृती आणि पात्रं यादीत असावीत ते सगळे मिळून सुचवतात. ऑक्टोबरात नावनोंदणी होते. त्यानंतर जोड्या लागतात आणि तुम्हाला कोणासाठी लिहायचं ते कळतं. कथा डिसेंबरच्या मध्यात द्यायची असते. नेमक्या तारखा आणि नियम दर वर्षी आयोजक जाहीर करतात. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

आपल्यासाठी अडचणीची गोष्ट म्हणजे दिवाळी नेमकी याच दिवसांत येते. फराळ आणि पाहुणे यांच्यात नावनोंदणीची मुदत निघून जाते. तारखा जाहीर होताच कॅलेंडरवर टाका. त्या बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतातली वेळ साडेपाच तास पुढे असते, म्हणजे यूटीसी रात्री ९ ची मुदत पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला संपते आणि डिसेंबरात न्यू जर्सीत दुपारी ४ वाजता. हे गणित आधीच करून ठेवा.

नामांकनात काय सुचवायचं? महाभारताला एओथ्रीवर स्वतःचा टॅग, म्हणजे वर्गीकरणाचं लेबल, आहे आणि त्यावर लिहिणारे-वाचणारे भारताबाहेरही आहेत. लहानपणापासून उलूपी, युयुत्सू, विकर्ण अशी पात्रं ऐकलेल्या मराठी माणसाला इथे फार मोठी मोकळी जागा आहे. एखादी मराठी कादंबरीही सुचवावीशी वाटेल. जरूर सुचवा. पण ती वाचलेला दुसरा कोणी नाव नोंदवेल तरच जोडी लागेल, हे ध्यानात ठेवून सोबत जास्त लोकांना ठाऊक असलेली मागणीही ठेवा. दोन-तीन मराठी मैत्रिणींनी मिळून नाव नोंदवलं तर अशा मागणीला जरा आशा असते.

हक्कांचा प्रश्न नेहमी विचारला जातो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं प्रताधिकार राहतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले आणि साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. हयात किंवा अलीकडच्या लेखकांच्या पात्रांवर लिहायचं असेल तर ते विनामूल्य, मूळ लेखकाचं श्रेय देऊन लिहा आणि मूळ मजकुराचे परिच्छेद उचलू नका. त्यातूनही एखाद्या लेखकाने आपल्या पात्रांवर कोणी लिहू नये असं जाहीर सांगितलं असेल, तर मी त्या वाटेला जात नाही.

मागणी आणि तयारी

नावनोंदणीच्या अर्जाचे दोन भाग असतात. मला काय हवं आणि मी काय लिहू शकते. दुसरा भाग नीट विचार करून भरा. संगणक जोड्या लावतो तो याच यादीवरून, आणि तुमच्या यादीतली कोणतीही कलाकृती तुमच्या वाट्याला येऊ शकते. दहा वर्षांपूर्वी एकदा पाहिलेली मालिका 'आठवेल' म्हणून लिहू नका. लहान कलाकृती निवडा. एक चित्रपट दोन तासांत पुन्हा पाहून होतो, सात सीझनची मालिका नाही. एखाद्या पात्राबद्दल मनात चीड असेल तर त्याच्यावर लिहायची तयारी दाखवू नका. कथा वाचणाऱ्याला ते पात्र लाडकं आहे.

पत्र

अर्जासोबत बहुतेक जण आपल्या लेखकासाठी एक पत्र लिहून त्याची लिंक देतात. कोण लिहिणार हे ठाऊक नसताना लिहिलेलं हे पत्र यूलटाईडमधला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. चांगल्या पत्रामुळे चांगली कथा मिळते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पत्रात तीन गोष्टी हव्यात. पहिली, साधारणपणे तुम्हाला कथेत काय आवडतं: संथ लय, भांडकुदळ बहिणी, स्वयंपाकघरातले संवाद, पत्ररूप कथा, जे असेल ते. दुसरी, प्रत्येक मागणीसाठी दोन-तीन सूचना. इथे 'काहीही चालेल' लिहिलं की समोरचा गोंधळतो आणि पूर्ण कथानक लिहून दिलं की त्याचे हात बांधले जातात. विकर्णाची मागणी करायची असेल तर अशी लिहिता येईल:

'द्यूतसभेत कौरवांपैकी एकटा विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलला. तरीही पुढे तो भावांच्याच बाजूने लढला. सभेनंतरच्या त्या रात्री तो भावांच्या पंगतीत कसा बसला असेल? त्याच्याशी कोण बोललं असेल, कोण नाही? मला हे वाचायला फार आवडेल. कथा युद्धापर्यंत नेली नाही तरी चालेल. बहीण दुःशला हिच्याबरोबरचा एखादा प्रसंग आला तर आनंदच.'

यात एक प्रश्न आहे, एक प्रसंग आहे, आणि उत्तर मात्र लेखकावर सोडलं आहे. विकर्ण का बोलला, हे तुम्ही सांगून टाकलं असतं तर लिहिणाऱ्याला शोधण्यासारखं काही उरलंच नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नको असलेल्या गोष्टींची यादी. फॅन्डममध्ये तिला डीएनडब्ल्यू ('डू नॉट वॉन्ट') म्हणतात. सूचना लेखकाने पाळल्याच पाहिजेत असं नाही, ही यादी मात्र पाळावीच लागते. म्हणून ती लहान आणि नेमकी ठेवा. 'दुःखी काही नको' यातून काहीच कळत नाही. 'द्रौपदीच्या विटंबनेचं सविस्तर वर्णन नको', 'लहान मुलाचा मृत्यू नको', 'आधुनिक काळात आणलेली कथा नको' हे कळतं. कारण द्यायची गरज नाही. कोणी विचारतही नाही. इतर पात्रांवर किंवा त्यांच्या चाहत्यांवर राग काढायची जागा मात्र ही नाही. तुमचा लेखक कदाचित त्याच पात्राचा चाहता असेल.

पत्र इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा कुठलाही असू शकतो. मराठीत कथा मिळाली तर आवडेल, असं वाटत असेल तर तेही लिहा. तसंच समोरच्याने मराठी चालेल असं कळवल्याशिवाय त्याला मराठीत कथा देऊ नका. आपल्या स्वतःच्या मराठी फॅनफिकसाठी एओथ्रीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. तिथे ती कधीही प्रकाशित करता येते.

लिहिताना

नाव हातात आलं की समोरच्याचं पत्र दोनदा वाचा. एकदा लगेच, एकदा दोन दिवसांनी. दुसऱ्या वाचनात कळतं की या माणसाला खरं म्हणजे काय हवं आहे. अनेकदा चार मागण्यांमधून एकच ओढ डोकावत असते. कोणाला दुय्यम पात्रांना न्याय मिळालेला बघायचा असतो, कोणाला फक्त दोन माणसं शांतपणे एकमेकांशी बोललेली हवी असतात. त्याने स्वतः लिहिलेल्या किंवा बुकमार्क केलेल्या कथा एओथ्रीवर असतील तर चाळा. काही विचारायचं असेल तर थेट विचारू नका, आयोजकांमार्फत विचारा, म्हणजे तुमचं नाव गुप्त राहतं. आणि आपण कशावर लिहितोय हे गप्पांमध्ये बोलून बसू नका. एकेका कलाकृतीवर लिहिणारे थोडेच असतात, लोक ओळखतात.

मग मूळ कलाकृतीकडे परत जा. पात्रं एकमेकांना काय म्हणतात, रागावल्यावर वाक्यं लांबतात की तुटतात, कोण काय लपवतो, याची टिपणं काढा. कथानकापेक्षा आवाज जुळला पाहिजे. पहिल्या दोन परिच्छेदांत पात्र ओळखू आलं तर वाचक पुढच्या कितीतरी चुका माफ करतो.

किमान मर्यादा हजार शब्दांची असली तरी दीड ते दोन हजारांचं लक्ष्य ठेवा, म्हणजे कापायला जागा राहते. एक प्रसंग पुरे. पहिला खर्डा नोव्हेंबरअखेर व्हायला हवा, कारण यानंतर बीटा लागतो.

बीटा म्हणजे प्रकाशनाआधी कथा वाचून दोष सांगणारा वाचक. यूलटाईडच्या डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पागटात असे लोक मिळतात. 'कशी वाटली?' असं विचारलं तर 'छान' एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं असं: कुठे कंटाळा आला? शेवट आधीच कळला का? दुःशलेचं वाक्य तिच्या तोंडी शोभतं का? अमेरिकी लेखक ब्रिटिश मालिकेवर लिहितात तेव्हा ब्रिटिश वाचकाकडून भाषा तपासून घेतात, त्याला ब्रिटपिक म्हणतात. तशीच मदत भारतीय कथांवर लिहिणाऱ्या परदेशी लेखकांना तुम्ही करू शकता. थोरला दीर लहान भावजयीशी कसा बोलेल, सुतक असलेल्या घरात काय शिजणार नाही, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं असतं. पहिल्या वर्षी लिहायचा धीर होत नसेल तर नुसतं बीटा म्हणून या. तिथे तुमचं मनापासून स्वागत होईल.

जमत नाही असं दिसलं तर? आजारपण येतं, परीक्षा येते. तुमच्या असाइनमेंटच्या, म्हणजे वाट्याला आलेल्या कामाच्या, पानावर 'डीफॉल्ट' असं बटण असतं. ते मुदतीआधी दाबा. मग तुमची जबाबदारी पिंच हिटर नावाचे स्वयंसेवक उचलतात आणि समोरच्याला कथा मिळतेच. वेळेत माघार घेण्यात कमीपणा नाही. काही न कळवता गायब होणं मात्र वाईट, कारण आयोजकांना शेवटच्या दिवसांत धावपळ करावी लागते.

कथा चढवताना

कथा असाइनमेंटच्या पानावरच्या 'फुलफिल' बटणावरूनच चढवा. म्हणजे संग्रहाचं नाव आणि भेट कोणाला हे आपोआप भरलं जातं. रेटिंग, इशारे, पात्रं, नातं काळजीपूर्वक भरा. सारांशात दोन वाक्यं पुरेत. 'मला सारांश लिहिता येत नाही' असं लिहू नका. गूगल डॉक्समधून मजकूर चिकटवल्यावर परिच्छेदांत जादा जागा येते, ती प्रीव्ह्यूमध्ये तपासा. आणि शेवटी 'पोस्ट' दाबा. नुसता ड्राफ्ट ठेवला तर कथा आलेली धरली जात नाही, शिवाय एओथ्री ड्राफ्ट महिन्याभरात पुसून टाकतं. कथा खुली होईपर्यंत तुम्ही तीत सुधारणा करत राहू शकता.

कथेसोबतच्या टिपेत यूपीआय, देणगी किंवा स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीची लिंक देऊ नका. एओथ्रीवर व्यापारी जाहिरातीला मनाई आहे.

२५ डिसेंबर आणि नंतर

आपली भेट आधी वाचा आणि त्याच दिवशी, निदान आठवड्याच्या आत, लेखकाला लिहा. कोणीतरी दीड महिना तुमचा विचार करत होतं. कथा मनासारखी नसेल तरी तिच्यात एक तरी गोष्ट सापडते: एखादा संवाद, एखादी कल्पना. तिच्याबद्दल लिहा. नको असलेल्या यादीतलं काही आलं असेल तर लेखकाशी वाद न घालता आयोजकांना कळवा.

तुमच्या कथेवर फारशा प्रतिक्रिया आल्या नाहीत तर खचू नका. जिच्यावर फारसं कोणी लिहीत नाही अशा कलाकृतीचे वाचकही थोडेच असतात. त्या वर्षीचा संग्रह चाळा, अनोळखी कथांवर प्रतिक्रिया द्या. १ जानेवारीला नावं उघडली की ते लेखक तुमच्या कथेपर्यंत येतात. ओळखी बहुधा अशाच होतात. पुढच्या वर्षी एखाद्याची मागणी वाचून राहवलं नाही तर असाइनमेंट नसतानाही त्याच्यासाठी जादा कथा लिहिता येते. तिला ट्रीट म्हणतात.

काही वर्षांनी ही कथा आपल्या नावावर नको, असं वाटू शकतं. तेव्हा ती पुसण्याआधी 'ऑर्फन' हा पर्याय पाहा. त्याने तुमचं नाव कायमचं निघून जातं आणि कथा जागच्या जागी राहते. ज्याच्यासाठी ती लिहिली होती, त्याला ती पुढेही वाचता येते. मात्र एकदा ऑर्फन केलेली कथा परत आपल्या खात्यात आणता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी तिची एक प्रत स्वतःजवळ उतरवून ठेवा.